टीव्हीचं माहेरपण

झुलाल नानांनी आजवर जितके टीव्ही उघडले, तितके नारळ एरंडोलातल्या कुठल्या पुजाऱ्यानेही फोडले नसतील. बस स्टँडमागच्या बोळात त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. दुकान कसलं, तव्यावर झाकण ठेवावं तशी जागा. मे महिन्यात आत बसलेला माणूस दोन्ही बाजूंनी शेकून निघतो. त्या तव्यावर नाना बत्तीस वर्षं बसले आहेत आणि अजून करपलेले नाहीत, ही परमेश्वराची आणि शेजारच्या बन्सीलाल चहावाल्याची कृपा.

पूर्वी टीव्हीला पोट असायचं. दोन माणसं धरून त्याला आणायची आणि नाना त्याच्या पाठीत अशी थाप मारायचे की निम्मे टीव्ही भीतीनेच सुरू व्हायचे. पुढे टीव्ही पापडासारखे चपटे झाले. थाप मारायला पाठच राहिली नाही. पण नानांनी हार मानली नाही. थापेची विद्या गेली तर जाऊ दे, त्यांनी नाकाची विद्या वाढवली. टीव्ही टेबलावर आला की ते मागच्या जाळीला नाक लावून आधी वास घेतात. जळका वास आला तर सप्लायचा बोर्ड गेला. उंदराचा वास आला तर आत उंदीर राहून गेला. आणि कसलाच वास आला नाही तर मालक काहीतरी लपवतो आहे.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, ही तक्रार घेऊन कोणी आलं की नाना दुकानाचा पडदा ओढून अंधार करतात आणि टीव्हीच्या काचेवर टॉर्च तिरपा धरतात. काचेत पुसट माणसं हलताना दिसली की म्हणतात, "मानसे जित्ता शेतस. त्यासना घरनी लाईट गयी फक्त." म्हणजे चित्र शाबूत आहे, काचेमागच्या दिव्यांची पट्टी गेली आहे. लाल दिवा नुसता लुकलुकत असेल तर बोर्डावरचा एखादा कंडेन्सर पोट फुगून बसलेला असतो. रिमोट चालत नसेल तर तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. कॅमेऱ्यात जांभळा ठिपका चमकला की रिमोट निर्दोष. आणि दहातले चार टीव्ही असे येतात, ज्यांना काहीच झालेलं नसतं. नातवाने रिमोटवर भलतंच बटण दाबलेलं असतं. नाना एक बटण दाबून ते बरे करू शकतात, पण तसं करत नाहीत. आधी मागचे सगळे स्क्रू काढतात, आत फुंकर मारतात, स्क्रू लावतात आणि मग बटण दाबतात. झाकण न उघडता बरा झालेला टीव्ही लोकांना बरा झाल्यासारखा वाटत नाही.

तरी नानांची खरी विद्या दुकानाबाहेरची. अवघड रोगी आला की ते टीव्ही बघत नाहीत, घर बघायला जातात. "टीव्ही एकटा बिघडत नही भो," ते म्हणतात, "बठ्ठं घर मिळीसन त्याले बिघाडस." एका घरी टीव्ही देवांच्या फळीखाली होता आणि उदबत्तीची राख वर्षभर त्याच्या जाळीत झिरपत होती. दुसरीकडे म्हातारबुवा टीव्हीमागे तंबाखूची पुडी लपवत. हे सगळं घरात गेल्याशिवाय कळत नाही.

अशा या धन्वंतरीच्या सख्ख्या जावयाचा टीव्ही बिघडला.

झालं असं, की नानांची एकुलती लेक सुलक्षणा मागच्या वर्षी धुळ्याला देवपुरात दिली. जावई नवलचं मोटारपंपांच्या सुट्या सामानाचं दुकान. माणूस इतका शांत, की पंप चालू आहे की बंद हे त्याच्याकडे बघून कळू नये. यंदा अधिक महिना ऐन उन्हात आला आणि लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर एखादी वस्तू वाण म्हणून. प्रमिलाबाईंच्या मनात चांदीचं ताट होतं.

"टीव्हीवालाना जावाईले ताट?" नाना उसळले. "लोके काय म्हनतीन?"

म्हणून त्रेचाळीस इंची नवाकोरा टीव्ही आला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रमिलाबाई दुपारी डबा घेऊन दुकानात गेल्या, तेव्हा तो नवाकोरा टीव्ही टेबलावर पालथा पडला होता आणि नाना त्याच्या पोटात कोपरापर्यंत शिरले होते.

"आहो! नवा शे ना तो?"

"नवा शे म्हनीसनच उघाडी ऱ्हायनू. कंपनीना मानसे घाईमा काम करतस."

नवा टीव्ही न उघडता जावयाला देणं म्हणजे सोनाराने लेकीचे दागिने न पारखताच देण्यासारखं, असं नानांचं मत. त्यांनी दोन ठिकाणी सोल्डर पक्कं केलं, दोन कंडेन्सर काढून त्यांच्या जागी आणखी दणकट बसवले, गॅरंटीचा कागदी शिक्का फाटला तो डिंकाने चिकटवला आणि सगळं बंद केलं. एक स्क्रू उरला. तो प्रमिलाबाईंनी उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला. बायका पुरावा कसा जपतात हे वकिलांनी शिकण्यासारखं आहे.

नवल धोंडे जेवला, अनारसे घेतले, टीव्ही घेतला, सासऱ्यांच्या पाया पडला आणि धुळ्याला गेला. आठव्या दिवशी त्याचा फोन आला.

"मामा, टीव्हीवर उभ्या रेघा येतात. गुलाबी, हिरव्या. मग पडदा पांढरा होतो."

नानांनी फोनवरच तपासणी केली. व्होल्टेज कमी-जास्त होतं का? नाही. वायर हलते का? नाही. उंदीर? घरात मांजर आहे. मग घेऊन या म्हणाले. नवलने टीव्ही खोक्यात घातला, भर दुपारच्या बसमध्ये मागच्या सीटवर ठेवला आणि दोन तासांनी एरंडोलला उतरवला. नानांनी चालू केला. चित्र असं लखलखीत, की त्यातल्या बातम्याही चांगल्या वाटाव्यात. दोन दिवस चालवला. एक रेघ आली तर शपथ. परत पाठवला. चौथ्या दिवशी फोन. रेघा. परत आणला. परत लखलखीत.

तिसऱ्यांदा बसमधून खोकं उतरलं तेव्हा बन्सीलाल चहाचं पातेलं तसंच सोडून बोळाच्या तोंडाशी उभा होता.

"नाना, हाऊ टीव्ही नही, नवी नवरी शे! सासरले गयी का आजारी, माहेरले उनी का ठणठणीत. आते याले पोरीसनागत आखाजीना सणले माहेरले बलावा दर सालले!"

स्टँडवरचे हमालसुद्धा हसले. पण ती हसू आणणारी गोष्ट नानांच्या काळजात जाऊन रुतली. कारण घरी प्रमिलाबाई पदराची गाठ सोडून तो स्क्रू ताटाशेजारी ठेवत आणि भाजी वाढत. नाना दोन घास कमी जेवत. शिवाय परवा फोनवर सुलक्षणा जरा दबक्या आवाजात म्हणाली होती, "बाबा, इथे शेजारच्या काकू विचारत होत्या, वडील टीव्हीवाले ना तुझे? मग जुनाच रंगवून दिला की काय?"

बत्तीस वर्षांत नानांना लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. पण बापाने बिघडका माल लेकीच्या गळ्यात मारला, असं लेकीला कोणी ऐकवावं? आणि खोटं तरी कसं म्हणायचं? नवा टीव्ही उघडला तो त्यांनीच. कंडेन्सर बदलले ते त्यांनीच. त्या दिवशी नाना बोर्डावर भिंग धरून तासभर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्याच हाताची शंका आली.

"रोग तठेच शे," बन्सीलाल या वेळी न हसता म्हणाला. "तुम्ही बठ्ठा गावना घरे दखतस. पोरीनं घर काब्र नही दखत?"

याचं उत्तर नानांकडे होतं, पण ते विजेच्या शास्त्रातलं नव्हतं. लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत बापाने पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. नानांच्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली. पाणीच नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर बसणं नाही. म्हणून नाना लग्नानंतर धुळ्याला एकदाच गेले आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या परतले. टीव्ही तीनदा इकडे आला, पण नाना एकदाही तिकडे गेले नाहीत.

शेवटी शनिवारी सकाळच्या बसने ते निघाले. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, काखेत बांधलेली भाकरी. टीव्ही कंडक्टरच्या ओळखीने मागच्या सीटवर. प्रमिलाबाईंनी दारात सांगितलं, "चूक निघनी त कबूल करा. आनि पानी आपलंच प्या."

धुळ्याला विहीणबाई, बेबाबाई, दारातच उभ्या होत्या. गोल, ठेंगणी, हसरी बाई. डोक्यावर ओला टॉवेल. नवल दुकानात गेलेला, सुलक्षणा दवाखान्यात रिसेप्शनला. दोघं एक वाजता जेवायला येणार होती.

"या भाऊ, बसा. पानी ल्या."

"नही अक्का, आनेल शे," नानांनी कॅन दाखवला.

"मंग चहा?"

"तोबी पानीनाच ऱ्हास, अक्का."

बेबाबाईंनी कॅनकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि चहाचं भांडं परत फळीवर ठेवलं. नानांनी टीव्ही त्याच्या जागी बसवला आणि चालू केला. चित्र स्वच्छ. मग ते समोरच्या मानाच्या खुर्चीत, हाताची घडी घालून, चोरावर पाळत ठेवावी तसे बसले. दहा वाजले. चित्र स्वच्छ. अकरा वाजले. बेबाबाईंनी आत कुठेतरी बटण दाबलं आणि घरघर सुरू झाली. चित्र स्वच्छ. बाहेर ऊन असं, की रस्त्यावरचं कुत्रं सावली शोधून सावलीच्याही खाली शिरावं. वरचा पंखा गरम हवा वरून खाली आणत होता, एवढंच. साडेअकराला कॅन संपला. नानांचा सदरा अंगाला चिकटला, चष्मा घसरला, जीभ टाळूला लागली. बेबाबाई ओट्यावर ओला टॉवेल सारखा करत बसल्या होत्या. त्यांनी दोनदा माठाकडे बघितलं, पण व्याह्याला रीत मोडायला लावणं त्यांच्याही रीतीत बसत नव्हतं.

बाराला पाच कमी असताना पडद्याच्या डाव्या कडेला गुलाबी दोरा उगवला.

नाना खुर्चीतून असे उठले, जसा माणूस पान वाढल्याची हाक आल्यावर उठतो. दुसरी रेघ, हिरवी. तिसरी. ते टीव्हीला जाऊन भिडले, मागच्या जाळीला नाक लावलं आणि तिथेच थांबले. रेघा विसरले. कारण त्यांच्या घामेजलेल्या मानेवर गार, ओलसर, स्वर्गीय वारा येत होता. नानांचं डोकं म्हणत होतं, बोर्ड तपास. मान म्हणत होती, हलू नकोस. मिनिटभर मानेचं ऐकल्यावर डोक्याला प्रश्न पडला, की बठ्ठं घर भट्टीसारखं असताना टीव्हीच्या मागेच महाबळेश्वर कसं?

त्यांनी टीव्हीमागचा खिडकीचा पडदा बाजूला सारला. खिडकीत भलाथोरला लोखंडी कूलर. त्याच्या सगळ्या पट्ट्या टीव्हीच्या पाठीकडे वळवलेल्या. कूलर नीट त्याच उंचीवर यावा म्हणून खाली मुद्दाम विटा रचलेल्या.

"अक्का," नाना सावकाश म्हणाले, "कूलर आसा काब्र?"

बेबाबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. "आहो भाऊ, तुम्हनी दिलेल चीज ती. पहिला धोंडानं वाण! चव्वेचाळीस डिग्रीमा तशीच ठेवसू का? आम्हले सवय शे. तो बिचारा नवा शे."

नानांनी टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला. हात ओला झाला. काचेच्या खालच्या कडेला, जिथे केसाहून बारीक तारांच्या पट्ट्या असतात, तिथे खाऱ्या पाण्याचा पांढरा पापुद्रा दिसायला लागला होता. दोन तास बसमध्ये आणि दोन दिवस पत्र्याच्या तव्यावर काढले की टीव्ही वाळून बरा होत होता. धुळ्याला आला की पाहुणचाराने बुडत होता.

म्हणजे कंडेन्सर निर्दोष! सोल्डर निर्दोष! नाना निर्दोष! त्यांना वाटलं, तिथूनच बन्सीलालला हाक मारावी, ती एरंडोलपर्यंत ऐकू गेली असती. "अक्का, तुम्हीच..." एवढं त्यांच्या ओठांवर आलं.

आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष बेबाबाईंच्या मानेकडे गेलं. घामोळ्यांनी लाल झालेली, वर पावडरचे पांढरे ढग. ही बाई महिनाभर ओल्या टॉवेलवर दिवस काढत होती, कारण व्याह्याने दिलेल्या वस्तूला ऊन लागू नये. तिला सांगायचं, की तुम्हीच टीव्ही बुडवला? आणि संध्याकाळी गल्लीत कोणी म्हणायचं, सुलक्षणाचा बाप आला आणि सासूची चूक काढून गेला?

नानांनी ओठांवरचं वाक्य गिळलं. कोरड्या घशातून ते फार कष्टाने उतरलं.

"मनीच चूक शे, अक्का," ते म्हणाले. "मी कंडेन्सर मोठा टाकी दिन्हा. आनि... माले जरासं उकडी ऱ्हायनं. कूलर खुर्चीकडे फिरावा का?"

पाहुणा घामाने निथळत असताना आपण टीव्हीला वारा घालत होतो, हे बेबाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्या इतक्या ओशाळल्या की स्वतःच विटा ओढायला लागल्या. नानांनी टीव्ही बंद केला, मागचं झाकण काढलं, पांढरा पापुद्रा ब्रशने हलकेच झाडला आणि टीव्ही अंगणात नेला. तिथे बाजेवर ज्वारीच्या बिबड्या, पापडाच्या या खानदेशी बहिणी, वाळत होत्या. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या बाजेवर गोधडी टाकून त्यांनी टीव्ही पालथा ठेवला, वर चादर पांघरली आणि भिंतीच्या सावलीत, पण झळा लागतील असा सरकवला. बिबड्यांच्या पंगतीत टीव्ही वाळायला पडला.

बेबाबाई बघत होत्या. टीव्हीतलं त्यांना कळत नव्हतं, पण वाळवणातलं अख्ख्या देवपुरात त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "वल्लं नही ते कोनी वाळाले टाकस का?"

"अं? नही, आसंच... हवा लागाले."

"मंग तो वल्ला व्हयना व्हता." त्या एकेक शब्द तांदूळ निवडावेत तसा निवडत होत्या. "मंग कंडेन्सरनी चूक कशी व्हई? वल्ला त मी करा."

नाना ब्रश पुसायला लागले. तो कोरडाच होता.

"भाऊ! टीव्हीले मी सर्दी करी टाकी?"

आणि बेबाबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग पोट धरून, आणि शेवटी बिबड्यांच्या बाजेवरच बसल्या. चारपाच बिबड्या मोडल्या. "तरीच! तरीच मी म्हने, त्यानी पाठ आसी गार कशी लागस! मी म्हने, सुखी शे!" नानांनी हसू आवरायचा फार प्रयत्न केला, पण नाकातून फुटलेलं हसू कोणाच्या बापाला आवरत नाही. दोघं व्याही-विहीण भर दुपारी अंगणात डोळे पुसत होते. हसता हसता बेबाबाईंनी सवयीने माठातून तांब्या बुडवला आणि पुढे केला. हसता हसता नानांनी तो घेतला आणि एका दमात रिकामा केला.



नाना तांब्याच्या तळाकडे बघत राहिले. तीन पिढ्या त्या तळातून त्यांच्याकडे बघत होत्या.

"अक्का... मी पानी पी गऊ."

बेबाबाईंनी निकाल दिला. "ते लेकना घरनं पानी नव्हतं, भाऊ. टीव्हीना हिस्सानं व्हतं. रोज कूलरमा त्याले चार बादल्या टाकस मी. आजपासून त्यानं बंद. तुम्हनं चालू."

एक वाजता नवल आणि सुलक्षणा आली, तेव्हा टीव्ही अंगणात पांघरूण घेऊन झोपला होता आणि नाना कूलरसमोर बसून आमरसाची दुसरी वाटी संपवत होते. सुलक्षणा दारातच थबकली. "बाबा! तुम्ही? जेवताय?"

"टीव्ही वल्ला व्हयना व्हता," बेबाबाईंनी नानांना तोंड उघडू न देता सगळं सांगून टाकलं, हातवारे करून, विटांसकट. नाना मधेमधे "कंडेन्सर पन जरा..." म्हणत होते, पण त्यांच्या कंडेन्सरला कोणी विचारलं नाही. नवल, जो वर्षभरात सासऱ्यासमोर मोठ्याने हसला नव्हता, तो भिंतीला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"पण बाबा," सुलक्षणा डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंचं ठीक आहे. नवाकोरा टीव्ही तुम्ही उघडला कशाला?"

"आमरस वाढ, आमरस," नाना वाटी पुढे करत म्हणाले.

तीनला टीव्ही उठवला, झाकण लावलं, चालू केला. सहा वाजेपर्यंत एकही रेघ आली नाही. बातमी गल्लीत गेलीच होती. 'जुना रंगवून दिला का' असं विचारणाऱ्या काकू स्वतः येऊन पडद्यासमोर बसल्या. त्यांचा रिमोट आठवड्यापासून चालत नव्हता. नानांनी तो मोबाईलसमोर धरला, सेल उलटे घातलेले होते ते सुलटे केले, आणि काकू सुलक्षणाकडे वळून म्हणाल्या, "बाई, गुण शे हो तुना बापना हातले!"

सहाला नानांनी घरी फोन लावला. निर्दोष सुटलेल्या माणसाचा आवाज काढून ते म्हणाले, "सुलक्षणानी माय, ऐक. मनी काहीच चूक..."

"माले ठाऊक शे. विहीणबाईना फोन कधीना येई गया." पलीकडून प्रमिलाबाईंनी वाक्य मधेच तोडलं. मग म्हणाल्या, "आमरस किती वाट्या घिदा?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तीन."

"आनि चौथीले नही म्हनात?"

"हां."

"आसं करू नका. विहीणबाई नाराज व्हतीन. आज मुक्काम करा, सकायले या."